सोर्समधून बिल्ड करावं की पॅकेज वापरावं?

मेकफाईल:
सर्व्हरवरचं महत्त्वाचं सॉफ्टवेअर सोर्समधूनच, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः, बिल्ड करावं, असं माझं ठाम मत आहे. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन कमांड दिल्या, झालं काम. डिस्ट्रोचं, म्हणजे आपल्या लिनक्स प्रकाराचं, तयार पॅकेज सगळ्यांसाठी बनवलेलं असतं. नको ती मॉड्यूल्स येतात आणि हवं ते व्हर्जन मात्र लवकर येत नाही. काय चालू ठेवायचं, काय बंद, हे माझं मी ठरवेन.

रात्रपाळी:
टाकाल हो, पण सांभाळणार कोण? मेक इन्स्टॉल फायली यूएसआर-लोकल या फोल्डरभर पसरवतं. कुठली फाईल कुणाची, याची पॅकेज मॅनेजरकडे नोंदच नसते. मेक अनइन्स्टॉलची सोय बऱ्याच मेकफाईलींत (बिल्डच्या सूचनांच्या फायलींत) नसते. २०१४ चं हार्टब्लीड आठवा, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी. पॅकेजवाल्यांनी ओपनएसएसएल अपडेट केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या. ज्यांनी ते स्टॅटिक लिंक केलं होतं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमच्या आतच जोडून टाकलं होतं, त्यांना एकेक बायनरी (तयार प्रोग्रॅम फाईल) हुडकून पुन्हा बिल्ड करणं भाग होतं. ही जबाबदारी घ्यायची तयारी आहे का?

सिमलिंक:
हा दोष सोर्सचा नाही, बेशिस्तीचा आहे. प्रीफिक्स (इन्स्टॉलचा फोल्डर) देऊन प्रत्येक व्हर्जन वेगळ्या फोल्डरात टाका आणि जीएनयू स्टो या टूलने सिमलिंक, म्हणजे शॉर्टकटसारखे दुवे, करा. काढणं एका कमांडचं काम. जेंटू या डिस्ट्रोत तर इमर्ज ही पॅकेज कमांड मुळात सोर्समधूनच बिल्ड करते आणि फाईलन् फाईल नोंदवते.

मेकफाईल:
शिवाय विश्वासाचा मुद्दा आहेच. दुसऱ्याने बनवलेली बायनरी मी का चालवू?

रात्रपाळी:
मग एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरचं २०२४ चं प्रकरण बघा. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) कॉन्फिगर बनवायला लागणारी एक एम४ फाईल होती, ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जाहीर साठ्यात, नव्हती. बॅकडोअर, म्हणजे हल्लेखोराचा चोरदरवाजा, बिल्ड होतानाच आत शिरत होता. तुम्ही कॉन्फिगर चालवण्याआधी ती कॉन्फिगर स्क्रिप्ट वाचता का? हजारो ओळींची असते ती.

मेकफाईल:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. बॅकडोअर घुसवणारी स्क्रिप्ट आधी तपासायची, की डेबियन किंवा आरपीएमचं (डिस्ट्रोंच्या दोन प्रकारांचं) पॅकेज बनतंय का. हाताने बिल्ड करणाऱ्याकडे ती गप्प बसायची.

रात्रपाळी:
कारण हल्लेखोराला पॅकेजवाले हवे होते. उद्या तुम्ही हवे असाल. तुमची सुरक्षा त्याच्या निवडीवर टिकलेली, याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

सिमलिंक:
म्हणून टारबॉलपेक्षा गिटच्या टॅगवरून (त्या व्हर्जनच्या खुणेवरून) बिल्ड करावं, कॉन्फिगरही स्वतःच तयार करावं. आणि दिलेले ऑप्शन लिहून ठेवावेत. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कमांडला कॅपिटल व्ही दिला की बिल्डचे सगळे ऑप्शन छापून मिळतात; प्रत्येक सॉफ्टवेअर इतकं शहाणं नसतं.