मदत हवी आहे: कुठला बोर्ड गेम घ्यावा, बॉम्ब बस्टर्स की हार्मनीज?

नमस्कार मंडळी, नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्याकडे रविवारी पट मांडला जातो. आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. कटान भरपूर खेळून झालाय, आता नवीन हवंय.

मन बॉम्ब बस्टर्सकडे ओढतंय. 2025 चा श्पील देस यारेस, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा जर्मन पुरस्कार, त्यालाच मिळाला, खेळ सगळ्यांनी एकत्र जिंकायचा, आणि मोहिमा 66! बॉम्ब निकामी करायला आपल्या तारा, म्हणजे आकडे लिहिलेल्या सोंगट्या, चढत्या क्रमाने स्टँडवर लावायच्या, मग आपल्याकडचा आकडा दुसऱ्याच्या स्टँडवर नेमका कुठे असेल ते हेरून जोडी कापायची. सासूबाई रमीत पक्क्या, त्यांना हे लगेच जमेल. पण मोहिमांच्या कार्डांवर इंग्रजी किती वाचावं लागतं? दर वेळी कुणी समजावून सांगायला लागलं की त्यांचा रस जातो, आणि मला त्या डावात पूर्ण हव्या आहेत.

हार्मनीज दिसायला फार देखणा. लाकडी चकत्या रचून डोंगर, झाडं करायची. मात्र त्यात जो तो आपल्याच पाटीत मान घालून बसतो का?

नाशिकमध्ये कुणाकडे यातला एखादा असेल, तर विकत घेण्याआधी एक डाव खेळायला मिळेल का? कॉलेज रोड, गंगापूर रोड, कुठेही येऊ. चिवडा आमच्याकडून.