‘मतदारसंघ’ मतदारांचा की मुलखाचा?

प्रश्न : पुणे कराराविषयी (१९३२ मधला गांधी-आंबेडकर वादातला तडजोडीचा करार) वाचताना ‘विभक्त मतदारसंघ’ आणि ‘राखीव मतदारसंघ’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. ते समानार्थी आहेत का?

उत्तर : नाहीत, आणि त्यांची गल्लत झाली की १९३२ सालच्या वादाचा अर्थच लागत नाही. मतदारसंघ म्हटले की आज आपल्याला नकाशावरचा मुलूख आठवतो. पण शब्दाची फोड ‘मतदारांचा संघ’ अशी आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात हा मूळ अर्थ अजून जिवंत आहे, कारण एकाच घरातल्या दोन भावांपैकी शाळेत शिकवणाऱ्याचे नाव त्या यादीत असू शकते, शेती करणाऱ्याचे नसते. ‘विभक्त मतदारसंघ’ म्हणजे अशी वेगळी यादी. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने (कोणत्या समाजाला कसे प्रतिनिधित्व द्यायचे याविषयीच्या ब्रिटिश सरकारच्या निर्णयाने) ती अस्पृश्य मतदारांना देऊ केली आणि सर्वसाधारण मतदारसंघातले मतही कायम ठेवले. २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने ही वेगळी यादी जाऊन त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, त्यांपैकी मुंबई प्रांताला १५. मात्र अस्पृश्य मतदारांच्या स्वतःच्या हाती उरली ती चार उमेदवार निवडणारी प्राथमिक निवडणूक, आणि त्या चौघांतून एकाची निवड सर्व मतदारांनी मिळून करायची होती. जागा वाढल्या, पण प्रतिनिधी कोण हे ठरवण्याचा अखेरचा अधिकार गेला. हा फरक शब्दांत उतरलाच पाहिजे, असे मला वाटते.

प्रश्न : मग ‘राखीव जागा’ ही कल्पना पुणे करारापासूनची का?

उत्तर : नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेकौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी संयुक्त (सर्वांची यादी एकच असलेल्या) मतदारसंघातच ७ जागा राखीव होत्या. अस्पृश्यांचे प्रतिनिधी मात्र ‘सरकारनियुक्त’ असत. बाबासाहेब आंबेडकरही १९२७ मध्ये तिथे याच नात्याने बसले. (जुन्या मजकुरात ‘लोकनियुक्त’ म्हणजे निवडून आलेला; नुसत्या ‘नियुक्त’वरून त्याचा अर्थ लावू नये.)

१९३७ च्या निवडणुकीसंदर्भात तर ‘राखीव मतदारसंघ’ हा शब्द मी टाळतोच. तेव्हा एकाच मतदारसंघातून अनेक सभासद निवडले जात आणि त्यांतली एखादी जागा राखीव असे, म्हणजे राखीव होती ती जागा, मतदारसंघ नव्हे. स्वातंत्र्यानंतरही चालू राहिलेले द्विसदस्य (दोन सभासद निवडणारे) मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले आणि त्यानंतर सर्वत्र अख्खा मतदारसंघच राखीव होऊ लागला.