मदत हवी आहे: हवाई दलाची फ्लाइंग ब्रांच, पायांची लांबी आणि सीपीएसएस (वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी)

भाच्याने एएफकॅट (हवाई दलाची अधिकारी प्रवेश परीक्षा) पास केली आहे. एएफएसबीचं (हवाई दलाच्या निवड मंडळाचं) बोलावणं म्हैसूरचं, पसंती फक्त फ्लाइंगला. वय 22, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्हींत 70च्या वर, चष्मा नाही. एनसीसीचं सी सर्टिफिकेट आहे, पण आर्मी विंगचं, त्यामुळे एअर विंगवाली स्पेशल एंट्री कृपया सुचवू नका. एनडीएचं वय उलटून गेलंय.

अडचण पायांची. वैमानिकासाठी उंची किमान 162.5 सेंमी, पायांची लांबी 99 ते 120, मांडी जास्तीत जास्त 64, बसून उंची 81.5 ते 96. त्याचं बाकी सगळं बसतं (उंची 165), पाय मात्र काठावर. खाली बसून, भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून, गुडघे सरळ ठेवून टाचेपर्यंत तीनदा मोजलं: 98.6, 98.9, 99.1. पहिल्या दोन वेळी मांडीमागचे स्नायू आखडून गुडघा किंचित वर येत होता. आता रोज स्ट्रेचिंग चालू आहे. गादीवर किंवा सतरंजीवर नाही, फरशीवरच मोजलंय.

सीपीएसएस आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून धाकधूक. नुकतेच जाऊन आलेल्यांनी सांगावं: पाय बोर्डातच सीपीएसएसआधी मोजतात की थेट मेडिकलला? मोजमापातच थांबवलं तर ती एकमेव संधी वापरली गेली असं धरतात का? आणि मेडिकलला दोनतीन मिलिमीटर कमी भरले, तर अपीलमध्ये पाय खरोखर पुन्हा मोजतात का?