फुप्फुसाच्या जुन्या आजारात हृदयाची उजवी बाजू का थकते? नायट्रिक ऑक्साइडचा उपयोग होईल का?

प्रश्न (कोथरूड) :
माझ्या आईने वेल्हे तालुक्यात तीस वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केला. आता तिला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होणारा फुप्फुसाचा जुना आजार) आहे, आणि पायांवर सूज आली म्हणून केलेल्या इकोत हृदयाची उजवी बाजू मोठी झालेली दिसली. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो, म्हणून तो वाढवणारी पावडर तिला द्यावी, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. द्यावी का?

उत्तर (निवृत्त अध्यापिका, शरीरक्रियाशास्त्र, सदाशिव पेठ) :
फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू पोहोचत नाही तेथील धमन्या आकसतात, हे ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी १९४६ साली दाखवले. आजार एका कोपऱ्यापुरता असेल तर हे आकसणे हिताचेच, कारण रक्त निरोगी भागाकडे वळते. परंतु वर्षानुवर्षांच्या धुराने दोन्ही फुप्फुसे बाधित झाली की फुप्फुसांच्या धमन्यांत दाब सर्वत्र चढतो, आणि त्याविरुद्ध रक्त ढकलताना उजवी जवनिका (हृदयाचा उजवीकडचा खालचा कप्पा) आधी जाड होते व पुढे ताणली जाते. धमनीचे निरोगी अस्तर एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. तो शेजारच्या स्नायुपेशींत सीजीएमपी (सैल होण्याचा निरोप देणारा रेणू) वाढवतो आणि स्नायू सैलावतो. अस्तर दुखावले की ही निर्मिती घटते. नातेवाइकांचे म्हणणे इतपत बरोबर आहे, पण आजाराने नष्ट झालेल्या केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) त्याने परत येत नाहीत.

उत्तर (निवासी डॉक्टर, छातीरोग विभाग) :
कृपया पावडर देऊ नका. श्वासावाटे दिलेला नायट्रिक ऑक्साइड काही नवजात बाळांचे प्राण वाचवतो, हे खरे; सीओपीडीत मात्र तो हवा न पोहोचणाऱ्या भागातील धमन्याही उघडतो आणि रक्तातील ऑक्सिजन उलट कमी होऊ शकतो. सीजीएमपी टिकवणारे सिल्डेनाफिल हे औषधही मनाने सुरू करू नये, कारण हृदयासाठीच्या नायट्रेट गोळ्यांसोबत ते घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. विश्रांतीतही ऑक्सिजन सतत फार कमी राहत असेल, तर दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढते. आईंना तो सांगितला आहे का, आणि त्या किती तास लावतात?

प्रश्नकर्ता (कोथरूड) :
सांगितला आहे, परंतु ती केवळ रात्री सात-आठ तास लावते; दिवसा कोणी भेटायला आले की नळी काढून ठेवते आणि आम्हीही तिला काही म्हणत नव्हतो. पावडर परत पाठवत आहे. आज दुपारपासून तिच्याजवळ बसून तास मोजणार आहे.