बोर्नचा हिमालय: फोटो कुणाचे?

गिरिभ्रमर: परवा ग्रुपवर सॅम्युअल बोर्न या इंग्रज फोटोग्राफरचा मणिरंग खिंडीतला १८६६ चा फोटो आला. खाली ओळ: 'एकट्या माणसाची जिद्द'. एकटा? हिमाचलातल्या किन्नौर-स्पीतीमधली ही खिंड, बोर्नच्या नोंदीत उंची १८,६०० फूट. फोटो घ्यायच्या काचा, रसायनांच्या बाटल्या, डार्करूमचा तंबू, साहेबाची ब्रँडी, हे सगळं कुणाच्या पाठीवर चढलं? १८६३ च्या पहिल्याच सफरीत तीसेक हमाल होते. पळून गेलेल्या हमालांना आपण काठीनं बडवलं, हे बोर्ननेच इंग्लंडच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात लिहून ठेवलंय. असल्या माणसाचं कौतुक माझ्याच्याने होत नाही.

ओली_काच: काठीचं समर्थन कुणीच करणार नाही. पण ओझं नेलं म्हणजे फोटो होत नाही हो. मी हौसेनं घराच्या गच्चीत वेट प्लेट, म्हणजे त्या काळची ओल्या काचेवर फोटो घ्यायची पद्धत, करून पाहिलीय. काचेवर कोलोडियन हे चिकट रसायन एकसारखं पसरायचं, अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली आहे तोवर एक्स्पोज करून लगेच डेव्हलप. वाळली की गेली. माझ्या सहातल्या पाच वाया गेल्या, तेही घरचा चहा पीत. हा बोर्न बारा बाय दहा इंची काचा घेऊन बर्फात उभा होता, आणि निगेटिव्ह बघा, एकेक दगड मोजून घ्या.

पायवाट: कारागिरी कबूल, पण माझं भांडण त्याच्या नजरेशी आहे. हिमालयात तळी नाहीत, 'चित्रासारखं' काही सापडत नाही, अशी त्याची कुरकुर! डोक्यात इंग्लंड-स्कॉटलंडची निसर्गचित्रं, आणि समोर सतलजचं खोरं. काश्मीरला गेल्यावर स्वारी खूश, कारण तिथे पाणी आणि झाडं मनासारखी मिळाली. तरी आपण ते फोटो 'खरा, अस्पर्श हिमालय' म्हणून शेअर करतो.

ओली_काच: नजर प्रत्येकाचीच कुठून तरी आलेली असते. त्याच्या फोटोंतलं ते कोरं पांढरं आकाशसुद्धा त्याच्या नजरेचा दोष म्हणाल! कोलोडियनच्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम जास्त होतो, त्यामुळे आकाश जळून पांढरं पडतं. आणि गिरिभ्रमर, गेल्या वर्षीच्या तुमच्या स्पीतीच्या अल्बमखाली पोर्टरची नावं आहेत का?

गिरिभ्रमर: नाहीत. आत्ता टाकायला बसलो, तर दोघांची आठवली. तिसऱ्याला आम्ही सगळे नुसतं 'भैया'च म्हणत होतो.

पायवाट: बोर्नची बाजू घ्यायला एवढं पुरतं होय? काठी राहिलीच की.