स्कॅनमध्ये 'फाइल तपासता आली नाही' असं येतंय, व्हायरस आहे का?

पारवा: तातडीने मदत हवी आहे. पूर्ण स्कॅन केला. 'धोका आढळला नाही' असं आलं, पण खाली 'या फाइल्स तपासता आल्या नाहीत' म्हणून लांबलचक यादी आहे. सगळ्या डिलीट करू का? उद्या लॅपटॉप भावाला द्यायचाय.

खटपट्या: कोणत्या फाइल्स? विंडोज आहे का? प्रत्येकीसमोर कारण लिहिलेलं असतं, ते टाका. तोवर काही डिलीट करू नका.

मुक्तछंद: लिनक्स टाका. माझ्याकडे कित्येक वर्षं अँटिव्हायरसच नाही.

खटपट्या: त्यांनी ते विचारलेलं नाही.

पारवा: विंडोज १०. पेजफाइल.सिस आणि हायबरफिल.सिस, कारण 'वापरात आहे'. काही झिपसमोर 'पासवर्ड आहे'. एकीसमोर 'डीकॉम्प्रेशन बॉम्ब'!! हे वाचून घाबरलेय.



जुनीखिडकी: हायबरफिल खूप जागा खाते. हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून लॅपटॉप बंद करायची सोय) बंद केलंत की ती आपोआप जाते, डिस्क मोकळी होते.

खटपट्या: जागेचा प्रश्न नाहीये हो. पारवा, त्या दोन्ही विंडोजच्याच. रॅम अपुरी पडली की पेजफाइल वापरली जाते, हायबरनेट करताना रॅममधलं हायबरफिलमध्ये उतरतं. विंडोज चालू असताना त्या दुसऱ्या प्रोग्रॅमला उघडता येत नाहीत, म्हणून स्कॅनर त्या सोडतो. हात लावू नका.

बॉम्ब म्हणजे उलगडल्यावर अवाढव्य होणारी झिप. ४२.झिप नावाची प्रसिद्ध फाइल ४२ केबीची, पूर्ण उलगडली तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे साडेचार हजार टीबी! पण खूप दाबलेल्या साध्या बॅकअपलाही स्कॅनर हेच लेबल लावतो. तुमची कुठल्या फोल्डरमध्ये आहे?

सावधान: पासवर्डवाल्या झिप सरसकट उडवा. इमोटेट नावाचा घातक प्रोग्रॅम २०२० मध्ये असाच पसरत होता, पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असायचा.

खटपट्या: सरसकट का? स्वतः बनवलेल्या असतील तर? पासवर्डशिवाय स्कॅनरला आतलं वाचता येत नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

सावधान: आणि एखादी बाहेरून आलेली असेल तर? लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

पारवा: बॉम्बवाली माझ्याच बॅकअप फोल्डरमध्ये आहे. झिप माझ्याच, एक सोडून. ती डाउनलोड्समध्ये आहे, 'बिल' नावाची, कुणी पाठवली आठवत नाही. उघडून बघू?

सावधान: अजिबात नको! ती न उघडता डिलीट करा, रीसायकल बिनमधूनही.

खटपट्या: इथे सावधानशी सहमत. बाकीच्या झिपबद्दल शंका असेल तर पासवर्ड देऊन फोल्डरमध्ये काढा, आतलं काही न चालवता त्या फोल्डरवर राइट क्लिक करून स्कॅन करा. ती 'बिल' आधी कधी उघडली होती का, तेही सांगा.