आबाजींची ऑक्सिजन मशीन: खोली कोणती, लाईन कशी

दादा: आबाजींना शुक्रवारी दवाखान्यातून सुट्टी आहे. डॉक्टरांनी घरी ५ लिटरची ऑक्सिजन मशीन सांगितली, मिनिटाला २ लिटरवर. बाहेरची टिनाची खोली रिकामी करू का? मोकळी हवा आहे.

ताई (नर्स): टिनाखाली नको दादा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ वर जातो, टिनाखाली अजून जास्त. या मशीनी बहुतेक ४० अंशांपर्यंतच चालवायच्या असतात, पुढं कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. कौलाची मधली खोली घ्या. मशीन भिंतीपासून फूटभर सोडून, पडदा किंवा गादी टेकायला नको.

वहिनी: मंग मधल्या खोलीत कूलर लावून देतो.

ताई: लावा, पण झोत मशीनीकडं नको. आत झिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात म्हणून ऑक्सिजन वेगळा होतो. पण ओल त्यांना आणखी घट्ट चिकटते. कूलरची दमट हवा रोज ओढली की दाणे निकामी होत जातात. मशीन चालू दिसते, लिटर दाखवणाऱ्या काचेतली गोळी २ वर असते आणि ९३ टक्क्यांच्या जागी पातळ ऑक्सिजन येतो. पिवळा दिवा लागला तर त्याच दिवशी कंपनीच्या माणसाला फोन करा.

भाऊजी (वायरिंगवाले): खरा घोळ लाईनचा. जिथं गावठाणाचं फीडर, म्हणजे घरांची वीजलाईन, शेतीपासून वेगळं नाही तिथं रात्री शेतातल्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं. कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो, उठत नाही, तापतो. १ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, १४० पासून धरणारा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, वेगळा पॉइंट काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. तिसऱ्या पिनमागं वायरच नसते कित्येक घरात.

दादा: घरचा इन्व्हर्टर चालेल?

भाऊजी: साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखाच करंट देणारा, असेल तरच. मशीन साधारण ३५० वॅट खाते. १५० एएचची नवी बॅटरी तीन तासांच्या आसपास टिकेल, जुनी त्याच्या अर्धीही नाही. पंखा त्या इन्व्हर्टरवर चालवू नका.

ताई: म्हणून ऑक्सिजनचा भरलेला बी टाईप सिलिंडर घरात पाहिजेच. १५०० लिटर म्हणजे २ लिटरवर बारा तास. उभा, साखळीनं भिंतीला बांधून.

वहिनी: स्वयंपाकघर लागूनच आहे.

ताई: चूल, देवाचा दिवा, बिडी, सगळं दहा फूट लांब. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन लावू नका, पाण्यावर बनलेलं जेल मिळते. ऑक्सिजन ओलसर करायला मशीनीला बाटली असते, तिच्यातलं पाणी उकळून गार केलेलं, रोज बदला. बाटलीचं झाकण आट्यात तिरपं बसलं की ऑक्सिजन तिथूनच गळतो, गोळी मात्र २ वरच दिसते. नळीची नाकात घालायची टोकं पाण्याच्या पेल्यात बुडवून पाहा. बुडबुडे नाहीत म्हणजे गळती. मशीनीच्या मागची हवेची जाळी आठवड्यातून एकदा धुवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

दादा: ऑक्सिमीटरवर ९० दिसलं तर ३ लिटर करू?

ताई: नाही दादा. आबाजींना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे, त्यांना ८८ ते ९२ एवढंच पाहिजे. जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. ८८ च्या खाली गेलं तर आधी बोट चोळून गरम करा, एक मिनिट थांबून पुन्हा पाहा, नळी मुडपली का ते बघा. तरी खालीच असेल तर डॉक्टरांना फोन.

भाऊजी: सिलिंडरचा पाना त्याच्याच गळ्याला सुतळीनं बांधून ठेवा. रात्री लाईन गेल्यावर शोधाशोध नको.